पुंगळीला कल्हई

एनसीसीच्या फायरिंगला गेलेल्या कुणालाही विचारा. नेम किती लागले हे तो विसरला असेल, पण पुंगळ्या मोजल्याचं विसरला नसेल. आम्हाला पॉइंट टू-टूच्या रायफलीतून पाच-पाच गोळ्या झाडायला मिळाल्या होत्या. मिनिटाभरात संपल्या. मग सुरू झाला खरा कार्यक्रम: पाच गोळ्या म्हणजे पाच रिकाम्या पुंगळ्या, हवालदारसाहेबांच्या भाषेत 'खोखे'. माझ्या वाटचे चारच मिळाले. "खोखा नहीं मिला तो कोई घर नहीं जायेगा," एवढं बोलून ते झाडाखाली बसले आणि आमची अख्खी तुकडी गुडघ्यावर येऊन गवत विंचरू लागली. शेवटी तो पाचवा खोखा माझ्याच बुटाच्या घडीत सापडला. पुढचं सांगत नाही.

गंमत म्हणजे त्या टीचभर पुंगळीचा पुन्हा काडतूस म्हणून काहीही उपयोग नव्हता. पॉइंट टू-टूचा पेटता मसाला पुंगळीच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेला असतो. घोड्याचा आघात त्या कडेवरच बसतो आणि ती चेपली जाते. चेपलेली कड घरगुती हत्यारांनी पुन्हा भरणं कुणी मनावर घेत नाही. मोठ्या काडतुसांचं तसं नाही. तिथे बुडाच्या मधोमध एक छोटी टोपी असते, ती काढून नवी बसवता येते. त्यामुळे पुंगळी पुन्हा वापरता येते, एकदा नाही, अनेकदा. अमेरिकेत हा लाखो लोकांचा छंद आहे. आणि त्या छंदी मंडळींत एक जुना वाद चालत आलाय: साधी पितळी पुंगळी जास्त टिकते की निकेलचा मुलामा दिलेली?

पितळ आणि मुलामा म्हटल्यावर मराठी माणसाचे कान टवकारणारच. हा तर आपल्या स्वयंपाकघरातला विषय.

आधी नावं

'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या 'कार्तूशु'वरून आला. बटाटा, साबण, चावी, तशीच ही एक उसनवारी. 'पितळ' मात्र घरचं, पिवळेपणावरून पडलेलं नाव. 'निकेल' या नावाचा किस्सा सगळ्यात मजेशीर. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या खाणकामगारांना एक लालसर खनिज मिळायचं. दिसायला तांब्याचं, पण कितीही भाजलं, वितळवलं तरी तांबं निघेना. ही सैतानाची करणी असं ठरवून त्यांनी त्याला 'कुफरनिकेल' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे चेटक्याचं तांबं. १७५१ मध्ये स्वीडनच्या आक्सेल क्रोनस्टेट यांनी अशाच एका खनिजातून नवा धातू वेगळा काढला आणि शिवीतलं अर्धं नाव त्याला कायमचं चिकटलं. आपण आज खिशात खुळखुळवतो त्यातल्या काही नाण्यांतही हा सैतान असतो.

एका क्षणाची फुगडी

पुंगळी म्हणजे नुसती डबी, असा माझा कितीतरी वर्षं समज होता. दारू ठेवायची, वर गोळी खोचायची, झालं. तसं नाही. पुंगळी हा बंदुकीचा दर गोळीला बदलला जाणारा भाग आहे.

दारू पेटली की आत वायूचा दाब चढतो. .३८ स्पेशल या जुन्या, सौम्य रिव्हॉल्व्हर काडतुसात अमेरिकी मानकांनुसार कमाल दाब १७,००० पौंड दर चौरस इंच. .३५७ मॅग्नममध्ये ३५,०००. .३०८ विंचेस्टर या रायफलीच्या काडतुसात ६२,०००. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३२ असतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. या दाबाखाली पुंगळीची भिंत फुगते, भोवतालच्या पोलादी घराला घट्ट चिकटते आणि वायूला मागे यायची वाट बंद करते. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात दाब ओसरतो आणि पुंगळी किंचित आकसते. तेवढी आकसली म्हणूनच ती ओढून बाहेर काढता येते. आकसली नाही तर अडकली.

फुगायचं, पण फाटायचं नाही. परत यायचं, पण पूर्ण नाही. हा स्वभाव असलेला मिश्रधातू म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. धातुशास्त्राच्या पुस्तकांत त्याचं नावच 'काडतुसी पितळ' असं आहे, मग ते दाराच्या कडीसाठी वापरलेलं का असेना. कारखान्यात पुंगळीचा जन्म चकतीतून होतो: चकती दाबून पेला, पेला ओढून नळी, नळीचं तोंड आवळून मान. दर ओढीला पितळ कडक होत जातं, म्हणून मधूनमधून भट्टीत तापवून त्याला मऊ करतात. पुण्याच्या तांबट आळीत हंड्यावर मठारकाम करणारा कारागीरही हेच करतो. ठोकून ठोकून पत्रा हट्टाला पेटला की त्याला पुन्हा विस्तव दाखवायचा.

एक बारकावा. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, हे आपण लोहाराकडे पाहिलेलं असतं. पितळेला पाण्याचं सोयरसुतक नाही. तापवून पाण्यात टाका किंवा वाऱ्यावर ठेवा, ते मऊच होतं. कडक व्हायचं तर त्याला मार खावा लागतो.

लष्करी काडतुसांच्या मानेशी निळसर-तपकिरी पट्टा दिसतो, तो या भाजण्याचाच. बाजारात विकायच्या मालावरून तो घासून काढतात, कारण गिऱ्हाईक म्हणतं, "हे जळकं कशाला दिलंत?" लष्कराला मात्र तो हवाच असतो. मान नीट भाजली आहे याची ती उघडी पावती.

चामड्यात कळकलेलं काडतूस

आता निकेल आलं कुठून?

आमच्या घरी ताक कधी पितळेच्या भांड्यात ठेवलं की आजी ओरडायची, "कळकेल ना गं ते!" कळकणं हा शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत एवढा नेमका असेल असं मला वाटत नाही. आंबट आणि पितळ एकत्र आले की तो हिरवट कळंक, ती तोंड वाकडं करणारी चव. उपाय: कल्हई. भांडं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, नाकात झिणझिण्या आणणारा पांढरा धूर निघायचा, आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं की क्षणात पिवळं भांडं चांदीचं व्हायचं.

पुंगळीचंही तेच झालं. फक्त तिथे ताकाच्या जागी चामडं होतं.

पूर्वी सैनिक, शिकारी, पोलीस काडतुसं चामड्याच्या पट्ट्यातल्या फासांत खोचून ठेवत. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि अंगाचा घाम पितळेला किंवा तांब्याला लागला की तिथे हिरवा, मेणचट थर चढायचा. असलं काडतूस बंदुकीत गेलं तर सहज बाहेर येत नसे. १८७६ मध्ये अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लेफ्टनंट कर्नल कस्टरच्या तुकडीचा फडशा पडला, त्यानंतर या हिरव्या थराचं नाव बरंच गाजलं. त्यांच्या कार्बाइनींची काडतुसं तांब्याची होती. तांबं मऊ, तापलेल्या बंदुकीत ते चिकटून बसायचं. शतकभर लोक म्हणत राहिले की बंदुका अडकल्या म्हणून कस्टर हरला. मग १९८३ मध्ये वणव्याने त्या रणांगणावरचं गवत जळालं आणि पुरातत्त्ववाल्यांनी जमीन चाळून काढली. सुऱ्याने उचकटल्याच्या खुणा असलेल्या पुंगळ्या सापडल्या, पण फार थोड्या. तांब्यावरचा आळ अगदीच खोटा नव्हता, मात्र पराभवाचं खापर त्याच्यावर फोडण्याइतका मोठाही नव्हता.

अमेरिकी सैन्याने यावर दोन्ही बाजूंनी इलाज केला. पुंगळी पुढे पितळेची झाली. आणि ॲन्सन मिल्स नावाच्या अधिकाऱ्याने चामड्याच्या फासांऐवजी विणलेल्या सुती पट्ट्याची कल्पना लावून धरली, तीही रुजली. पोलिसांचा चामड्याचा पट्टा मात्र सुटला नाही. तो रुबाबाचा भाग होता. तिथे निकेल कामाला आलं. पोलीस शिपायाची काडतुसं झाडली जात नाहीत, नुसती कमरेला मिरवली जातात. पाऊस, घाम, चामडं सोसत महिनोन्महिने थांबायचं आणि एखाद्या दिवशी मात्र दगा द्यायचा नाही, हे काम निकेलचं. आजही अमेरिकेत पोलिसांसाठी आणि स्वसंरक्षणासाठी विकल्या जाणाऱ्या महागड्या काडतुसांच्या पुंगळ्या बहुधा रुपेरी असतात. शिवाय निकेलचा पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे काडतूस आत-बाहेर सरकताना अडत नाही. आणि अंधारात बंदूक भरलेली आहे की नाही हे पाहताना पिवळ्यापेक्षा रुपेरी लवकर डोळ्यात भरतं.

निकेलचा मुलामा विजेने चढवण्याचं तंत्र धंद्यात आणणारा माणूस बॉस्टनचा, आयझॅक ॲडम्स धाकटा. त्याचं पेटंट १८६९ चं. योगायोग असा की त्याच साली आपल्या खडकीत दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला.

गराजमधला बद्द आवाज

माझा मावसभाऊ ओहायोत असतो. सांगलीचा. नोकरी सॉफ्टवेअरची, जीव मात्र गराजमधल्या एका हिरव्या प्रेसवर. दांडा खाली ओढला की पुंगळी साच्यात शिरते, फुगलेली असेल ती पुन्हा मापात येते. वहिनी त्या गराजला 'दादांचं देवघर' म्हणतात. मी गेलो तेव्हा दादाने दोन पुंगळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या, .३८ स्पेशलच्या. दोन पेरांएवढ्या. एक पिवळी, जरा काळवंडलेली, पितळी निरांजनासारखी. दुसरी अशी झगमगीत की बायकोने कानातलं म्हणून घातली असती.

"सांग, जास्त कोण जगेल?"

मी अर्थातच रुपेरी म्हणालो. कल्हईच्या घरात वाढलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

दादा हसला. मग त्याने रुपेरी पुंगळ्यांची मूठ भरली आणि ओंजळीत खुळखुळवली. खळखळ, खळखळ, आणि मधूनच एक खर्र असा फुटका आवाज. "ऐकलंस?" त्याने एकेक काढत ती शोधली. उजेडात धरल्यावर तोंडापाशी केसासारखी रेघ दिसली. तडा. धडधाकट पुंगळी किणकिणते, तडकलेली बद्द वाजते. कुंभाराकडे माठ घेताना आजी टिचकी मारून बघायची तीच ही परीक्षा. दादाला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? "कुणी नाही रे, माठ बघत मोठा झालोय."

हे का होतं, ते त्याने जेवणाआधी सांगितलं. जेवताना वहिनींनी विषय बंद केला होता.

निकेलचा थर असतो काही मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्याही एका अंशाएवढा. पण कडक. पितळ ताणलं की ताणतं, निकेल तेवढं ताणत नाही. दर वेळी पुंगळी फुगते, मग साच्यात आवळली जाते, मग नवी गोळी बसावी म्हणून तोंड जरासं उमलवतात, मग ते पुन्हा आवळतात. एका फेरीत चार कसरती, आणि त्या सगळ्यांत जास्त मार तोंडाला. निकेलच्या कातडीला आधी चिरा पडतात. कापडाच्या काठाला छोटी खाच पाडली की ते टरकन फाटतं ना, तशी ती चीर खालच्या पितळेला फाटायची जागा दाखवते. पितळ स्वतः थकलेलं असतंच. वाकवून वाकवून तार मोडते तसं.

दादाच्या वहीत प्रत्येक गठ्ठ्याला एक ओळ आणि दर फेरीला एक रेघ. पिवळ्यांच्या रेघा ओळ ओलांडून खालच्या ओळीत उतरलेल्या, रुपेरींच्या अर्ध्या ओळीतच थांबलेल्या. ही एका माणसाच्या गराजमधली नोंद आहे, प्रयोगशाळेतली नव्हे, हे खरं. पण या छंदातली बहुतेक अनुभवी माणसं हेच सांगतात. रुपेरी दिसायला राणी, पण कामाला नाजूक. एका वाक्यात सांगायचं तर पट्ट्यात थांबायचं असेल तर निकेल टिकतं, पुन्हापुन्हा राबायचं असेल तर पितळ.

आणखी एक कटकट असते. दर काही फेऱ्यांनी पुंगळी लांबीला वाढते आणि तोंड छाटावं लागतं. छाटताना निकेलच्या बारीक कडक कपच्या सुटतात. त्या साच्यात अडकल्या तर पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उभा ओरखडा काढतात. पिवळ्या पुंगळीवरचे ते ओरखडे दाखवताना दादाचा चेहरा असा झाला होता की कुणी त्याच्या नव्या गाडीला किल्ली लावली असावी.

अक्रोड, मका आणि लिंबूसत्त

झाडलेली पुंगळी काजळलेली असते, ती साफ कशी करतात ते ऐका. एका थरथरणाऱ्या भांड्यात अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या कणसाचा भुगा घालतात आणि त्यात पुंगळ्या तासन्‌तास घुसळतात. दुसरा प्रकार ओला: पाणी, भांडी घासायचा साबण, स्टीलच्या बारीक काड्या आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड. म्हणजे आपलं लिंबूसत्त! चिंच-मीठ लावून समई घासणाऱ्या आयांनी हा शोध ओहायोला विकला असता तर बरं झालं असतं.

आंबटपणा बेतात हवा मात्र. फार वेळ तीव्र आम्लात राहिलं तर पितळेतलं जस्त आधी विरघळतं, तांबं मागे उरतं आणि पुंगळी गुलाबी दिसू लागते. गुलाबी पितळ म्हणजे आजारी पितळ. निकेलवाल्यांना वेगळी धास्ती: स्टीलच्या काड्यांत फार वेळ फिरवलं तर मुलामाच उडायला लागतो. मग ना धड पिवळी ना धड रुपेरी, कल्हई गेलेल्या पातेल्यासारखी ठिगळठिगळ दिसते.

आणि एक वस्तू दोघींनाही वर्ज्य. एनसीसीच्या पट्ट्याचं बक्कल ज्याने आम्ही आरशासारखं करायचो ते पातळ पॉलिश. त्याचा नाकाला झोंबणारा वास आठवतो? तो अमोनियाचा. बक्कलावर कुणी हजारो पौंडांचा दाब टाकत नाही म्हणून ते चालतं. पुंगळीला अमोनिया म्हणजे विष. का, याची गोष्ट थेट हिंदुस्थानातल्या पावसाळ्यातली आहे.

घोड्यांनी फोडलेली काडतुसं

ब्रिटिश अमदानीत इथल्या लष्कराची काडतुसं कोरडी, सुरक्षित राहावीत म्हणून पुष्कळदा घोड्यांच्या पागांत ठेवली जायची. दरवर्षी पावसाळा आला की एक चमत्कार घडायचा. कुणी हात न लावता, एकही गोळी न झाडता, पेटीतल्या पुंगळ्या आपोआप तडकायच्या. वाळत घातलेल्या लाकडाला भेगा पडाव्यात तशा. या रोगाला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' म्हणू लागले. आपण मोसमी तडे म्हणू.

उलगडा व्हायला १९२१ उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी कारणांची साखळी जुळवली. कारखान्यात पुंगळी ओढताना, मान आवळताना पितळेत ताण अडकून राहतो. बाहेरून काही दिसत नाही, पण आतून ते रागावलेलंच असतं. पागेत घोड्यांचं मूत्र, त्यातून सुटणारा अमोनिया, वर पावसाळ्याची दमट हवा. अमोनिया तांब्याशी संधान बांधतो, धातूच्या कणांच्या सीमारेषांत शिरतो आणि जिथे ताण आहे नेमकी तिथे भेग पाडतो. ताण, दमटपणा आणि अमोनिया, तिघं एकत्र आले तरच. एकाला वगळलं की खेळ बंद.

घोड्यांना आवरणं शक्य नव्हतं, पावसाला तर त्याहून नाही. म्हणून ताण काढला. तयार पुंगळीला बेताची ऊब दिली की आतला राग शांत होतो आणि कडकपणा मात्र राहतो. आज धातुशास्त्राच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या वर्गात जगभरची पोरं हा धडा शिकतात. त्यातलं हवामान आपलं, पागा आपल्या, याची किती जणांना कल्पना असते कोण जाणे. माझ्या दृष्टीने या अख्ख्या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट हीच.

येता जाता

पुंगळीच्या बुडातल्या टोपीची दोन घराणी. एक बॉक्सर, एक बर्डन. एडवर्ड बॉक्सर इंग्रज लष्करी अधिकारी, हायरम बर्डन अमेरिकन. दोघांचे शोध १८६० च्या दशकातले. आणि नशीब बघा: इंग्रजाची पद्धत अमेरिकेने उचलली, अमेरिकनाची युरोपने. बॉक्सरच्या पुंगळीला मधोमध एकच भोक, एक सुई आतून दाबली की जुनी टोपी टप्पकन बाहेर. बर्डनला सहसा दोन भोकं, तीही कडेला, सुई कुठे घालणार? अमेरिकेत हा छंद एवढा फोफावण्यामागे त्या एका मधल्या भोकाचा मोठा हात आहे.

त्याच्या आधी काय होतं? कागद. १८५७ मध्ये ज्या चरबीच्या काडतुसांनी हिंदुस्थान पेटला ती कागदाचीच, दाताने फाडायची. बॉक्सरची पितळी पत्र्याची पुंगळी आली ती त्यानंतर दहा-एक वर्षांनी. चावायचा प्रश्नच मिटला.

गवतात मी शोधत होतो ती पॉइंट टू-टूची पुंगळी बिनकामाची, असं वर म्हटलं खरं. पण कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिलच्या फ्रेड हंटिंग्टनला सापडली असती तर त्याने ती खिशात घातली असती. दुसऱ्या महायुद्धात शिकारीच्या गोळ्या मिळेनात, तेव्हा झाडलेल्या पॉइंट टू-टूच्या पुंगळ्या दाबून त्यांचीच गोळ्यांसाठी आवरणं बनवायची, यासाठी त्याने साचे केले. गोळ्या कशासाठी? तिकडच्या डोंगरात 'रॉकचक' म्हणतात त्या खारीच्या जातीच्या गुबगुबीत प्राण्यासाठी. त्यावरून साच्याचं नाव 'रॉक चक बुलेट स्वेज', आद्याक्षरं आरसीबीएस. दादाच्या गराजमधला तो हिरवा प्रेस याच घराण्याचा.

महायुद्धाने तांबं आणि निकेल दोघांनाही नाण्यांतून पळवलं. १९४३ मध्ये अमेरिकेने तांबं वाचवण्यासाठी एक सेंटचं नाणं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं काढलं. लोक त्याला दहा सेंटचं समजून फसायचे. मग १९४४ ते ४६ या काळात सेंट पुन्हा तांबूस झाले, आणि त्यांच्या धातूत झाडलेल्या पुंगळ्यांचं वितळवलेलं पितळ होतं. तिकडे 'निकेल' हे नाव असलेल्या पाच सेंटच्या नाण्यातून १९४२ ते ४५ मध्ये निकेलच गायब. त्याऐवजी ३५ टक्के चांदी! निकेल चिलखती पोलादाला हवं होतं, चांदी त्या मानाने सुटी होती. युद्धकाळात चांदीपेक्षा निकेलची निकड जास्त, हे सोनारांना सांगून बघा.

युद्धात तांबं आटलं की पुंगळ्या पोलादाच्या होतात, वर लाखेचा किंवा दुसरा कसला तरी मुलामा. जर्मनीने केल्या, रशियाने केल्या, अमेरिकेनेही .४५ पिस्तुलाच्या केल्या. छंदी माणूस या पुंगळ्या गोळा करताना खिशात लोहचुंबक ठेवतो. चिकटली की बाजूला.

आपल्याकडे हा सगळा उद्योग गराजमध्ये करायचा विचारही मनात आणू नका. शस्त्र कायदा, १९५९ खाली परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. विकत घेतलेल्याचाही हिशेब द्यावा लागतो. पितळेचं काम मात्र आपल्या आसपास चालूच असतं: खडकी आहे, भुसावळजवळ वरणगाव आहे, अंबरनाथ आहे. लोकलने अंबरनाथला उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की तिथल्या आयुधनिर्माणीचा संबंध पितळी पट्ट्यांशी आणि पुंगळीच्या त्या पहिल्या पेल्याशी आहे?

मग रुपेरींचं करायचं काय?

हे मी दादाला निघायच्या आदल्या दिवशी विचारलं. एवढी नाजूक असेल तर ठेवतोस कशाला?

त्याची उत्तरं तयार होती. एक, रंगाची खूण. सौम्य भरणीची पिवळी, जोरकस भरणीची रुपेरी. डबे मिसळले तरी चूक होत नाही, आणि या छंदात तसली चूक बोटांवर बेतते. दुसरं उत्तर त्याने तोंडाने दिलं नाही. दुसऱ्या दिवशी रविवारच्या स्पर्धेला घेऊन गेला.

मैदान, गवत, पुठ्ठ्याची लक्ष्यं. दादाचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल. बिगूल वाजल्यासारखा टायमर वाजला आणि तो पळत सुटला. ठो ठो ठो, आणि त्याच्या उजव्या खांद्यावरून रुपेरी पुंगळ्या उन्हात चमकत गवतात पडत गेल्या. अशा मोठ्या स्पर्धांत वेळ वाचवायला एक नियम असतो: पडलेल्या पुंगळ्या कुणी उचलायच्या नाहीत, स्पर्धकानेही नाही. म्हणून सगळे शहाणे लोक जाताना शेवटच्या फेरीला आलेल्या, आता गेल्या तरी जीव न तुटणाऱ्या पुंगळ्या नेतात. दादाच्या सगळ्या रुपेरी होत्या.

माझ्या पायाशी एक येऊन पडली. अजून कोमट होती, तोंडाशी मुलामा सोललेला. कसा काय, माझा हात आपोआप बुटाच्या घडीकडे गेला, दुसरी तर नाही ना अडकली?

"ए, राहू दे रे!" लांबून दादा ओरडला. "इथे हवालदार नाहीत."